उंदीर अडला, अर्ज रखडला
बिनतारी माऊसची दुखणी आणि ती हाताने दूर करण्याची पद्धत

जुलै संपत आला होता. वलवणच्या धरणावर ढग टेकलेले, पावसाची झड दोन दिवस तुटलेली नव्हती आणि मावळातल्या खाचरांत भातलावणीची शेवटची घाई चालू होती. खरीप पीक विम्याची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. लावणीची पाहणी करून परतताना एक कागद छापून घ्यायचा म्हणून मी वाटेतल्या एका सेवा केंद्रात शिरलो.

आत बाकावर एक आबा बसले होते. वय साठीच्या पुढचे. अंगावर प्लॅस्टिकचा कागद, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक असे सगळे पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेले.

"काय आबा, लावणी सोडून इथं?"

"काय करनार साहेब, दोन दिस झालं येतोय. काल म्हनलं सर्वर डाऊन हाय. आज म्हनत्यात उंदीर चालत नाय. तिकडं चार बाया लावनीला लावल्यात, आन् मी हितं बसलोय."

मी संगणकावर बसलेल्या ताईंकडे पाहिले. त्या बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या. माऊस हलवावा तर पडद्यावरचा बाण जागच्या जागी. मग एकदम उडी मारून भलतीकडेच. गावाच्या नावावर टिचकी मारावी तर ती शेजारच्या नावावर बसे. ताई म्हणाल्या, "साहेब, काल खरंच सर्व्हर बंद होता की माऊसच अडकत होता, तेही आता मला सांगता येईना."

ताईंचे हे बोलणे मला लागले. आज गावपातळीवरचे जवळजवळ प्रत्येक सरकारी काम संगणकावरून जाते. सहीचा सातबारा संगणकावरून, पीक विमा संगणकावरून. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि महाडीबीटीवरची सोडत जाऊन 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आले. म्हणजे अर्ज कोणत्या दिवशी, किती वाजता गेला याला मोल आले. अशा वेळी तळहातात मावणाऱ्या एका वस्तूपायी माणूस दोन दिवस बसून राहावा, हे बरे नव्हे. ज्या वलवणच्या पाण्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ खोपोलीला वीज तयार होते, तिथे दीड व्होल्टच्या उंदरापुढे आम्ही हात टेकून बसलो होतो!

म्हणून हा लेख. शेतीच्या पानावर माऊसचे काय काम, असे कुणी विचारील. पण फवारणी पंपाचा नोझल तुंबला तर तो खोलायला आपण शिकलोच ना? हेही तसेच अवजार आहे.

आधी माझी चूक

मी मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हटले, "ताई, सेल संपला असणार." शेजारच्या दुकानातून दोन सेल मागवले. एक घातला. माऊस पाच मिनिटे झकास चालला. आबा उठून टेबलाशी आले. ताईंनी नाव, गाव, गट नंबर भरला आणि पुन्हा बाण अडला. मी दुसरा सेल घातला. तोच प्रकार. मग संगणक बंद करून चालू केला. त्यात पंधरा मिनिटे गेली आणि भरलेला अर्ध्याच्या वर अर्ज पुसला गेला.

तेव्हा आबा बाकावरूनच म्हणाले, "साहेब, म्या काय शिकल्याला नाय. पन मघाधरनं बघतोय. त्यो काळा डबा लुकलुकाया लागला का ह्यो थांबतोय. डबा गप असला का ह्यो चालतोय."

काळा डबा म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. केंद्रातल्या कागदपत्रांची नक्कल ठेवण्यासाठी ती दोनच दिवसांपूर्वी आणली होती. संगणकाच्या मागच्या बाजूला निळ्या खाचेत तिची वायर घातलेली, आणि तिला अगदी खेटून माऊसची नखाएवढी पिन, म्हणजे डोंगल. ताईंनी डिस्कची वायर काढली. बाण लोण्यासारखा सरकू लागला. पिन काढून संगणकाच्या पुढच्या खाचेत लावली, मग डिस्क पुन्हा जोडली. तरी माऊस चालूच राहिला.

दोन दिवस जे कुणाला उमगले नाही ते आबांनी नुसते बघून सांगितले. पिकावर रोग आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "नवीन काय केले होते? कोणते खत टाकले? फवारणी कशाची झाली?" मी रोज शेतात विचारतो तो प्रश्न संगणकापुढे बसल्यावर विसरलो. तो आधी विचारला असता तर दोन सेल, पंधरा मिनिटे आणि अर्धा अर्ज वाचला असता.

उंदीर चालतो कसा?

माऊस हे अवजार तसे जुने. अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळ्याचा होता, खाली दोन चाके होती आणि मागून शेपटीसारखी वायर निघत असे. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे तो लोकांपुढे चालवून दाखवला. आता चाके गेली, आणि बिनतारी माऊसची शेपटीही गेली.

आजच्या बिनतारी माऊसमध्ये तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली, डोळा. माऊसच्या पोटाखाली छोटा दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराच्या वर चित्रे घेतो आणि आधीच्या चित्रापेक्षा पुढचे किती सरकले यावरून माऊस कुठे गेला ते ठरवतो.

दुसरी, आवाज. माऊस आपली हालचाल रेडिओ लहरींवरून डोंगलला कळवतो. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते आणि वायफायही बरेचदा याच पट्ट्यात. म्हणजे एकाच जत्रेत अनेक कर्णे लागलेले.

तिसरी, पोट. म्हणजे सेल. बहुतेकांत एक किंवा दोन पेन्सिल सेल असतात, काहींत मोबाइलसारखी चार्ज करायची बॅटरी.

दुखणे आले की या तिघांपैकी कुणाचे आहे ते ओळखायचे. चौथा संशयित म्हणजे खुद्द संगणक.

पहिली तपासणी : माऊस, संगणक की सर्व्हर?

पडद्यावर काहीच हलेना की आपण म्हणतो 'हँग झाला' किंवा 'सर्व्हर डाऊन'. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या अर्ध्या मिनिटात वेगळ्या करता येतात.

की-बोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा बारीक दिवा लागतो, पुन्हा दाबली की विझतो. दिवा असा बदलत असेल तर संगणक जिवंत आहे, दुखणे माऊसचे आहे. दिवा बदलतच नसेल तर संगणकच अडकला असण्याची शक्यता जास्त, माऊसला बोल लावू नये. आणि बाण नीट फिरतो, टिचकी बसते, पण पान उघडत नाही किंवा गोल चक्र फिरत राहते, तर अडचण इंटरनेटची किंवा सर्व्हरची. मग दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले तर आपली लाइन ठीक आहे.

एवढे केल्याशिवाय समोरच्या माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगू नये. त्याचा उद्याचा दिवस फुकट नसतो.

दुसरी तपासणी : बटण आणि सेल

पंपाची मोटर चालू होईना म्हणून कुणी आधी मोटर विहिरीतून वर काढत नाही. फेज आहे का, फ्यूज उडाला का, स्टार्टर पडला का, हे आधी बघतो. इथेही तसेच, सोपे आणि फुकटचे आधी.

१) माऊस उलटा करून खालचे चालू-बंद बटण पाहावे. पुसताना किंवा पिशवीत ठेवताना ते सरकते. नव्या माऊसच्या सेलपाशी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढली नसेल तर वीज पोचतच नाही.

२) सेलची अधिक-उणे दिशा पाहावी. एका माऊसमध्ये दोन सेल असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदलावेत. एक नवा आणि एक भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला, असा संसार करू नये.

३) साधा सेल दीड व्होल्टचा असतो. पुन्हा चार्ज होणारा निकेल सेल १.२ व्होल्टचा. तो बहुतेक माऊसना चालतो, पण काही माऊस त्यावर 'सेल कमी' अशी सूचना आधीच दाखवू लागतात.

४) सेल ठेवायच्या जागी पांढरी किंवा निळसर पूड दिसली तर सेल पाझरला आहे. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने हवा ओली, त्यामुळे पत्रा गंजायला वेळ लागत नाही. पूड उघड्या हाताने पुसू नये, त्वचा चुरचुरते. सेल काढून, अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पूड पुसावी. मग स्वच्छ कोरड्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्यावे. पत्र्यावर गंज धरला असेल तर तो पेन्सिलच्या खोडरबराने घासून चकचकीत करावा.

५) खालचा लाल दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला असे समजू नये. पुष्कळ माऊसचा दिवा आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो. अंधारात मोबाइलचा कॅमेरा समोर धरला तर काही वेळा फिकट जांभळा ठिपका दिसतो.

केंद्र काही दिवस बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावा. फवारणी पंप हंगामानंतर धुऊन ठेवतो, तेच हे.

तिसरी तपासणी : डोंगल कुठे बसवला आहे?

आबांच्या अर्जाचे घोडे इथेच अडले होते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

संगणकाला ज्या निळ्या रंगाच्या खाचा असतात त्या बहुधा यूएसबी तीन या जलद प्रकारच्या. त्यांतून हार्ड डिस्क किंवा जलद पेनड्राइव्ह काम करू लागला की त्याच्या वायरीतून आणि जोडातून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली या विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. बिनतारी उपकरणाचा डोंगल अशा जोडाला खेटून असेल तर त्याला माऊसचा आवाज ऐकूच येत नाही, असे त्यात दाखवले आहे. जुना रेडिओ मोटरच्या स्टार्टरशेजारी ठेवला की खरखरायचा, त्यातलाच प्रकार. डिस्कचा दिवा लुकलुकतो म्हणजे ती काम करते आहे. म्हणून माऊस नेमका तेव्हाच अडत होता, आणि सेल बदलताना डिस्क थोडा वेळ शांत होती म्हणून मला वाटले की सेलने गुण आला.

उपाय असे :

१) डोंगल काढून दुसऱ्या खाचेत लावावा. पुढची, वेगळ्या बाजूची किंवा काळ्या रंगाची खाच आधी वापरून पाहावी.

२) डोंगल पत्र्याच्या पेटीच्या मागे, भिंतीशी, टेबलाखाली असेल तर माऊसचा आवाज त्याच्यापर्यंत क्षीण पोचतो. बाजारात हातभर लांबीची यूएसबी वाढीव वायर मिळते. तिच्या टोकाला डोंगल लावून तो माऊसपासून वीतभर अंतरावर, दिसेल असा ठेवावा. माझ्या पाहण्यात या एका उपायाने अडखळणारे बरेच माऊस सुधारले आहेत.

३) हार्ड डिस्क आणि डोंगल शेजारी-शेजारी लावू नयेत. वायफायची पेटी आणि मोबाइलही डोंगलपासून हातभर दूर असावेत.

४) नकला ठेवण्याचे काम लोक समोर बसलेले असताना चालवू नये. ते संध्याकाळी करावे.

खूण अशी : माऊस डोंगलच्या अगदी जवळ धरला की चालतो आणि नेहमीच्या जागी अडतो, तर दुखणे आवाजाचे आहे. जवळ धरूनही अडतो, तर सेल, डोळा किंवा जोडणी पाहावी.

चौथी तपासणी : डोळा आणि टेबल

टेबलावर काच असेल तर डोळ्याला धरायला खूणच मिळत नाही, बाण थरथरतो किंवा हलत नाही. चकचकीत सनमायकावरही तसे होते. माऊसचा पॅड नसेल तर जाड कागद किंवा साधे, चकाकी नसलेले फाइलचे पुठ्ठे खाली घ्यावे.

डोळ्याच्या भोकात केस, धूळ, चहाचा थेंब अडकतो. फुंकर मारावी, मग कोरड्या कापसाच्या काडीने अलगद पुसावे. पावसाळ्यात ओल्या हाताने, ओल्या बाहीने माऊस धरला की आत दमट धरतो. अशा वेळी सेल काढून माऊस पंख्याखाली ठेवावा. चुलीजवळ, हीटरवर किंवा उन्हात तापवू नये, प्लॅस्टिक वाकते. पाणी, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नये.

पाचवी तपासणी : जोडी जुळते का?

कार्यालयात एकसारखे दिसणारे दोन-तीन माऊस असले की पुसताना, हलवताना डोंगलांची अदलाबदल होते. साध्या माऊसचा डोंगल कारखान्यातूनच त्या एका माऊसशी बांधलेला असतो. दुसऱ्याचा लावला तर तो ओळख देत नाही. लग्नात चपला बदलाव्यात तसा हा प्रकार. काही कंपन्यांचे डोंगल मात्र त्यांच्या प्रणालीने नव्या माऊसला जोडता येतात. लॉजिटेकचा केशरी खूण असलेला युनिफाइंग डोंगल २००९ साली आला, त्याला सहापर्यंत उपकरणे जोडता येतात.

म्हणून नेलपॉलिशने माऊसच्या पोटावर आणि त्याच्या डोंगलवर एकसारखा ठिपका द्यावा. बैलांच्या शिंगांना रंग देतो तसा एक लाल, एक निळा.

डोंगल नसलेला माऊस ब्लूटूथचा असतो. तो अडला तर संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून त्याचे नाव काढून टाकावे, माऊसखालचे जोडणीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे आणि नव्याने जोडावा.

सहावी तपासणी : संगणक

इथपर्यंत गुण आला नाही तर माऊस डोंगलसह दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तिथे चालला तर दोष आपल्या संगणकात. तिथेही नाही चालला तर माऊस किंवा डोंगल गेला.

दोष संगणकात असेल तर भरलेला अर्ज आधी जतन करून मगच संगणक बंद-चालू करावा. मी घाईत जतन केला नाही, त्याची शिक्षा आबांना झाली. काही वेळ काम थांबवले की माऊस झोपतो आणि उठत नाही, असे वारंवार होत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या वीजबचतीच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते. ती काढावी. हे काम जाणकाराकडून एकदा करून घ्यावे.

एक दुखणे मात्र घरगुती उपायाने जात नाही. एकदा टिचकी मारली की दोनदा बसते, किंवा धरून ओढताना मधेच सुटते. बटणाखालचा बारीक खटका झिजलेला असतो. असा माऊस अर्ज भरायला वापरूच नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल, खाच आणि टेबल एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. औषधाची चाचणी घेताना एका वाफ्यात एकच औषध मारतो ना, तसे.

माऊस नसताना काम थांबू नये

माऊस पूर्ण बसला तरी अर्ज की-बोर्डवर पुरा करता येतो. गावपातळीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एवढ्या कळा पाठ असाव्यात :

टॅब दाबली की पुढच्या रकान्यात जाता येते. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागच्या. यादीतले नाव वर-खाली बाणांच्या कळांनी निवडता येते. चौकोनात खूण करायची तर स्पेस. बटण दाबायचे तर एंटर. दुसऱ्या खिडकीत जायचे तर ऑल्ट आणि टॅब.

ज्या पानावर टॅब चालत नाही तिथे विंडोजमधली आणखी एक सोय आहे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकदम दाबाव्यात, विचारले तर एंटर दाबावे. मग उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण चालतो. आठने वर, दोनने खाली, चारने डावीकडे, सहाने उजवीकडे आणि पाचने टिचकी. गती बैलगाडीची आहे, पण गाव गाठता येते.

आणि खरे सांगायचे तर सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे शेपटीचा, वायरवाला माऊस. दोन-तीनशे रुपयांत येतो. त्याला सेल नको, डोंगल नको, गोंगाटाची बाधा नाही. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो की सेवा केंद्र, ड्रॉवरमध्ये एक वायरवाला माऊस आणि दोन नवे सेल कायम असावेत. मुदतीच्या आठवड्यात तर वायरवालाच लावावा. बाद झालेला माऊस आणि सेल उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत.

शेतकरी बांधवांनी काय पाहावे?

अर्ज भरणारा दुसरा असला तरी अर्ज आपला आहे. अडखळणारा माऊस नुसता वेळ खात नाही, चुकाही करतो. यादीत वरच्याऐवजी खालचे नाव निवडले जाते. काही अर्जांत तर क्षेत्राच्या रकान्यात असताना माऊसचे मधले चाक फिरले की आकडाच बदलतो आणि लक्षात येत नाही.

म्हणून 'सादर करा' हे बटण दाबण्यापूर्वी पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा आणि पाच गोष्टी मोठ्याने वाचून घ्याव्यात : नाव, गाव, गट नंबर, पीक व क्षेत्र, आणि बँक खात्याचा क्रमांक. यात संकोच करू नये. सातबाऱ्यापेक्षा जास्त क्षेत्र पडले तर नुकसान झाल्यावर भरपाईच्या वेळी अर्ज अडतो, आणि तेव्हा 'माऊस अडकत होता' हे कारण कुणी ऐकत नाही.

त्या दिवशी ताईंनी पहिल्यापासून पुन्हा अर्ज भरला. मी दाराशी उभा राहून पावसाकडे बघत होतो. काम झाले असे समजून ताई बटण दाबणार, एवढ्यात आबा खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, थांब जरा. क्षेत्र किती पडलंय?"

ताईंनी वाचले, "एक पूर्णांक चाळीस हेक्टर."

आबा हसले. "एवढं रान आसतं तर काय पायजे हुतं! माझं चाळीसच गुंठं हाय."

सातबाऱ्यावर शून्य पूर्णांक चाळीस होते. पान खाली सरकवताना चाक फिरले आणि शून्याचा एक झाला होता. ताईंनी आकडा सुधारला, पुन्हा पाचही गोष्टी वाचून दाखवल्या आणि मग बटण दाबले. चार वाजून दहा मिनिटांनी पावती छापून निघाली.

आबांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवली, कागद डोक्यावर घेतला आणि जाता जाता मला म्हणाले, "साहेब, ते दोन सेल वाया नका घालवू. आमच्या बॅटरीला लागत्यात."

मी ते त्यांना देऊन टाकले.